वासापुरतं भोक

पाकिटाला भोक होतं. टाचणीच्या टोकाएवढं, वरच्या कोपऱ्यात, सीलच्या जरा खाली. दाखवलं नसतं तर कुणाला दिसलंही नसतं. पण मास्तरीणबाईंचा जन्म मुलांच्या वह्यांतल्या चुका शोधण्यात गेला होता. त्यांनी लवंगांचं पाकीट गल्ल्यावर ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "हे बघ सूनबाई. उंदराचं काम म्हणावं, तर उंदीर इतका सभ्य नसतो."

आळीतले सगळे तिला सूनबाईच म्हणत. दुकानात सासरे त्याच नावाने हाक मारत, म्हणून गिऱ्हाइकांनीही तेच उचललं होतं. तिने पाकीट बदलून दिलं, दोनदा माफी मागितली आणि मास्तरीणबाई गेल्यावर ते भोकाचं पाकीट उजेडासमोर धरून बघत बसली.

तिच्या मनाला एक खोड होती. काहीही झालं की त्यातलं सगळ्यात वाईट ते आधी डोळ्यांपुढे यायचं. लेक शाळेत दोनदा खोकली असं कळलं की ही मनाने दवाखान्याच्या पायऱ्या चढून मोकळी झालेली असायची. आताही तिला आधी वाटलं, कुणी काही टोचून तर नाही ना ठेवलं? आळीतली सगळी मुलंबाळं हेच खातात! पण भीतीच्या मागोमाग तिच्याकडे दुसरी एक गोष्ट यायची, ती म्हणजे कुतूहल. आणि ते भीतीपेक्षा चिवट होतं. भीती चहा होईपर्यंत टिकायची, कुतूहल पिच्छा सोडायचं नाही.

दुकान सासऱ्यांचं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते याच गल्ल्यामागे बसलेले. पूर्वी इथे उघडी पोती असायची, तोंडं दुमडून ठेवलेली, आणि प्रत्येकात पत्र्याचं एक माप खोचलेलं. पुढे मुलगा कारभार बघायला लागला. त्याने पोती हलवली, फडताळं आणली, मागच्या खोलीत सील करायचं मशीन बसवलं. आता जिरं, धणे, मिरी, दालचिनी सगळं पारदर्शक पाकिटांत तोंड मिटून ओळीने उभं असायचं. दुकान स्वच्छ झालं, गर्दी वाढली, हे आप्पाही मान्य करत. फक्त मुलाला ते तेव्हापासून 'साहेब' म्हणायला लागले होते.

आणि आप्पा म्हणजे नाक. दुसरी ओळखच नको. एखादी बाई येऊन म्हणाली, "आप्पा, जिरं कसं आहे?" तर ते तोंडाने उत्तर द्यायचेच नाहीत. चिमूटभर तळहातावर घ्यायचे, अंगठ्याने चुरडायचे, एक डोळा अर्धा मिटून हुंगायचे आणि मग तोच तळहात त्या बाईच्या नाकाखाली धरायचे. नंतर निकाल. "घ्या", नाहीतर "आज नको, नवीन माल आला की या." दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा हा एकच दुकानदार. मुलगा कपाळाला हात लावायचा. "आप्पा, आपण दुकान चालवतो की नाकाचा दवाखाना?"

दवाखानाच होता तो. लोक घरून काय काय हुंगवायला आणायचे. नासलंय की नाही कळत नाही असं दूध आणायचे. पिठाच्या डब्यात कीड झाली का, ते विचारायला यायचे. एकदा समोरच्या इस्त्रीवालीने नवऱ्याचा सदराच आणला. "सिगारेट सोडली म्हणतात. बघा जरा."

आप्पांनी सदरा नाकाशी नेला आणि घडी घालून परत दिला. "सोडलेली नाही. बडीशेप खाऊन ओढतात."

ते स्वतः बिनवासाचा साबण लावायचे. केसांना तेल नाही, कपड्यांना काही नाही. मुलाने लग्नाच्या दिवशी अत्तर लावलं, तर आप्पा स्वतःच्याच मुलाच्या लग्नात चार खुर्च्या सोडून बसले होते. सूनबाईला वाटलं होतं, सासऱ्यांना आपण पसंत नाही. तिने पहिली रात्र त्या काळजीत काढली, आणि सकाळी आप्पा चहा घेताना म्हणाले, "तू बरी आहेस गं. वास त्या गाढवाला येत होता."

तर ते भोक. दुपारी दुकान रिकामं असताना तिने फडताळावरची पाकिटं एकेक करून चाचपली. मिरीच्या एका पाकिटाला भोक. दालचिनीच्या एकाला. धण्याच्या. जिऱ्याच्या दोन पाकिटांना. लवंगांच्या आणखी एकाला. सगळी तशीच, कोपऱ्यात, नीटनेटकी.

"मशीनची पट्टी जास्त तापत असणार," नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "मशीनवाल्याला बोलावतो."

हे मागच्या खोलीत पॅकिंगच्या मावशींनी ऐकलं. त्या हातातलं पाकीट तसंच घेऊन बाहेर आल्या. "मशीनला नावं ठेवू नका हं. मी डोळ्यांत तेल घालून बघते एकेक. आणि मशीन काय निवडून निवडून भोकं पाडतं? मिठाला एकही नाही, बघा जाऊन."

खरंच नव्हतं. मिठाला नाही, साखरेला नाही. खसखशीला नाही. राईच्या पाकिटांची तर आख्खी रांग शाबूत होती. सूनबाई राईसमोर उभी राहून विचार करत राहिली. राईनेच काय पुण्य केलं? मग तिने सहज म्हणून लवंगांचं ते भोकाचं पाकीट दोन बोटांत दाबलं. भोकातून हवेची बारीकशी फुंकर आली, आणि तिच्याबरोबर लवंगेचा दोऱ्यासारखा बारीक वास तिच्या नाकात शिरला.

तिने राईचं पाकीट फोडलं, चार दाणे घेऊन हुंगले. काही नाही. राईला चुरडल्याशिवाय वासच नसतो.

म्हणजे जो कोणी होता, त्याला माल नको होता. वास हवा होता.

दुसऱ्या दिवशी लेकीचा डबा करायला ती उठली, तेव्हा चहापत्ती संपल्याचं लक्षात आलं. घरातून दुकानात जायला आतून दार आहे. ती पावलं न वाजवता गेली, कारण नवरा झोपला होता. शटर अजून बंद होतं, फडताळावरचा एक दिवा लागलेला. आणि फडताळासमोर आप्पा. हातात टाचणी. त्यांनी मिरीच्या पाकिटाला टोचलं, पाकीट नाकाशी नेलं, एक नाकपुडी बोटाने बंद केली आणि पाकीट दाबलं. थांबले. दुसरी नाकपुडी बंद केली. पुन्हा दाबलं.

"आप्पा?"

आप्पा दचकले नाहीत. त्यांनी टाचणी सदऱ्याच्या खिशाला खोचली. "माल बघतोय. तोंड मिटून बसलेल्याचा भरवसा काय? हुंगल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला देऊ कसा?"

तिला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. विष नाही, उंदीर नाही, मशीन नाही. सासरे! नवऱ्याला सांगायला नको, उगाच बापलेकांत जुंपायची. चहापत्ती घेऊन ती परत आली, डबा भरला, लेकीच्या वेण्या घातल्या. आणि वेण्या घालता घालता तिला खटकलं. आप्पा माल बघतात तेव्हा त्यांचा चेहरा कसा असतो, हे तिला पाठ होतं. हो, नाहीतर नाही. आज त्या चेहऱ्यावर हो नव्हतं, नाहीही नव्हतं. दारावर टकटक करून, आतून कुणी येतंय का म्हणून कान देणाऱ्या माणसाचा असतो, तसा तो चेहरा होता.

त्याच आठवड्यात एक मुलगी दुकानात आली. आळीत नवीनच राहायला आलेली, स्वयंपाकही नवीनच शिकत असावी. तिला जिरेपूड हवी होती. दळलेली पूड अजूनही आप्पांच्या हाताशी काचेच्या बरण्यांत असायची. बरण्यांवर नावं नव्हती. आप्पांना नावांची गरज कधी पडलीच नव्हती. डावीकडची बरणी जिऱ्याची, शेजारची धण्याची, आणि रंगाने दोन्ही सख्ख्या बहिणी. त्या दिवशी सकाळी मावशींनी फळी पुसली होती आणि बरण्या परत ठेवताना इकडच्या तिकडे झाल्या होत्या.

आप्पांनी डावीकडची बरणी उघडली. चिमूट तळहातावर घेतली, अंगठ्याने पसरली, एक डोळा अर्धा मिटून हुंगली.

"जिरं. एकदम ताजं," ते म्हणाले आणि तळहात मुलीच्या नाकाखाली धरला. मुलीने भक्तिभावाने मान हलवली.

सूनबाई शेजारीच उभी होती. तिच्या नाकात धण्याचा वास घमघमत होता.

तिचा हात आपोआप पुढे गेला. "थांब हं, या बरणीतली देते. ही आजच भरलीय." तिने शेजारच्या बरणीतली पूड मोजून दिली. मुलगी गेली. आप्पा स्वतःच्या तळहाताकडे बघत होते.

"धणे होते का?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी तळहात धोतराला पुसावा तसा मांडीवर पुसला. मागच्या खोलीत मशीनचा चटक, चटक आवाज चालू होता.

"तो ताप आला होता ना मला, थंडीत," आप्पा म्हणाले. "आधी वाटलं, सर्दीने बंद झालंय. सर्दी गेली. नाक काही परत आलं नाही."

"काहीच येत नाही?"

"काही नाही. लवंग चावली तर जीभ चुरचुरते, तेवढंच."

"आणि जेवण?"

"गरम आहे की गार, ते कळतं. चांगलं झालंय की नाही, ते तुझ्या तोंडाकडे बघून कळतं."

सूनबाईला भडभडून आलं आणि हसायलाही आलं. थंडीपासून आप्पांनी तिच्या स्वयंपाकाला एकदाही नाक मुरडलं नव्हतं. तिला वाटत होतं, आपला हात बसला.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"गुपचूप जाऊन आलो. ते म्हणाले, येईल, न येईल, सांगता येत नाही. रोज ओळखीचे वास घेत राहा. आता माझ्या ओळखीचं दुसरं कोण आहे गं? बरण्या उघडून हुंगत बसलो तर तुम्ही सगळे बघता. पाकिटाला काय, एक टाचणी पुरते." मग त्यांनी आवाज खाली आणला. "साहेबाला सांगू नकोस. दलाल येतोय नव्या हंगामाचे नमुने घेऊन."

याचा अर्थ तिला सांगावा लागला नाही. दर वर्षी दलाल यायचा, नमुने मांडायचा, आप्पा हुंगून निवडायचे आणि मग वर्षभर आळीच्या घराघरांत तेच जिरं फोडणीला पडायचं. आप्पांनी निवडलेलं, म्हणून लोक दोन आळ्या ओलांडून इथे यायचे.

"त्याला कळलं तर तो म्हणेल, आप्पा, तुम्ही आता आराम करा," आप्पा म्हणाले. "आणि तो हे प्रेमाने म्हणेल. तेच वाईट. भांडला असता तर मीही भांडलो असतो. प्रेमापुढे माणूस काय करणार? घरी बसणार."

सूनबाईने मग एक युक्ती काढली. ती चहा घेऊन येईल, नमुना आप्पांच्या आधी सहज हुंगेल. माल चांगला असेल तर कप आप्पांच्या उजव्या हाताला ठेवेल, वाईट असेल तर डाव्या. आप्पांना युक्ती पटली नाही, पण दुसरी नव्हती.

दलाल आला तो हसतच. हा माणूस दुःखाची बातमीही हसत सांगत असावा. त्याने पिशवीतून कागदाच्या पुड्या काढून गल्ल्यावर ओळीने उघडल्या. "आप्पा, यंदा असं जिरं आणलंय की नुसतं पोत्याजवळून गेलात तरी भूक लागेल."

नवराही येऊन उभा राहिला. त्याच्या मनात यंदा एका मोठ्या कंपनीचा तयार माल घ्यायचं होतं. मोबाइलवर त्यांचा भाव उघडूनच तो आला होता. सूनबाई कप घेऊन आली, वाकली, पहिल्या पुडीतले चार दाणे उचलून चुरडले आणि हुंगले.

जिऱ्याचा वास आला.

आता? चांगला की वाईट? युक्ती करताना हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिला वास येत होता, पण निकाल येत नव्हता. कप तिच्या हातात अधांतरी राहिला. उजवीकडे गेला, डावीकडे आला, पुन्हा मध्ये थांबला.

"अगं, ठेव ना तो," नवरा म्हणाला. "त्यांना काय आरती ओवाळतेस का?"

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग पुडीकडे. मग, इतकी वर्षं दुकान बंद करताना घ्यायचे तसा एक लांब श्वास त्यांनी घेतला.

"सूनबाई, कप राहू दे. इकडे ये. कसला वास येतोय?"

"जिऱ्याचा."

"ते झालंच. त्याच्या मागे काय आहे? घाई करू नकोस."

तिने डोळे मिटले. पुन्हा हुंगलं. जिऱ्याच्या मागे खरंच काहीतरी होतं, कोपऱ्यात उभं राहिल्यासारखं. "गादी," ती म्हणाली आणि स्वतःलाच नवल वाटलं. "पाहुणे आले की माळ्यावरून काढतो ना, ऊन न दाखवलेली. तशी."

"भिजलेला माल," आप्पा दलालाला म्हणाले. "घाईघाईत वाळवून आणलाय. ही पुडी बांधा."

दलालाचं हसू पहिल्यांदा जरा आखडलं. "अहो आप्पा, सूनबाईंना काय विचारता? तुमचं नाक कुठे गेलं?"

"गेलंच," आप्पा म्हणाले. "तापात गेलं ते आलेलं नाही. तोंड शाबूत आहे, तेव्हा भाव मीच करणार."

नवऱ्याने मोबाइल खाली केला. "गेलं म्हणजे?"

"म्हणजे ती पाकिटं मी टोचत होतो. मशीनवाल्याला शिव्या देऊ नकोस."

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं. मावशी कान देऊन ऐकत होत्या, हे उघड होतं.

"थंडीपासून?" नवरा म्हणाला. "आणि मला माहीत नाही?"

सूनबाईच्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं येऊन गेलं. गल्ल्यामागची खुर्ची घरात नेलेली. आप्पा खिडकीशी बसलेले. मुलगा जाता-येता विचारतोय, आप्पा, काही हवं का?

दलालाने संधी साधली. "मग साहेब, आता तुम्हीच बोला. माल कोण निवडणार? आप्पांचं वयही झालंय. सरळ सांगतो, ही दुसरी पुडी घ्या, डोळे मिटून घ्या."

नवऱ्याने दुसऱ्या पुडीतली चिमूट उचलली. ती कशी धरायची, हेही त्याला नीट ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं दुकानात उभं राहून त्याने माल मोजला होता, भरला होता, विकला होता, हुंगला मात्र नव्हता. ते काम घरात एकाच नाकाचं होतं. त्याने आप्पांसारखाच अंगठ्याने दाणा चुरडला आणि नाकाशी नेला.

नेला आणि तिथेच राहिला.

"काय?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? आलं काहीतरी. तोंडावर दिसतंय."

"सदऱ्याचा वास आहे हा," नवरा म्हणाला. "तुमच्या. मी लहान असताना तुम्ही दुकान बंद करून यायचात, आणि मी झोपलेला असलो तरी उचलून घ्यायचात. तेव्हा यायचा. अगदी तोच."

सूनबाईने पदराचं टोक डोळ्यांकडे नेलं. दलालानेही डोळे बारीक करून मान हलवली, कारण सौदा जमत आलेला त्याला दिसत होता.

"माझा सदरा?" आप्पा म्हणाले. "तो तर आठवडा आठवडा पाण्यात पडायचा नाही. म्हणजे मुरलेला वास. गेल्या वर्षीचा माल नव्यात मिसळलाय. नको."

"अहो!" दलाल गल्ल्यावर हात आपटून म्हणाला. "पोरगा एवढ्या प्रेमाने बोलतोय, आणि तुम्ही..."

"आप्पा नको म्हणाले ना?" नवरा म्हणाला. तो हसत होता आणि नाकही ओढत होता. हातातली चिमूट त्याने पुडीत परत टाकली नव्हती. "नको म्हणजे नको. पुढची काढा."

दलालाने पिशवीत हात घातला आणि तळाशी, निराळी बांधून ठेवलेली एक पुडी बाहेर काढली. ती उघडायला जाणार, तोच आप्पांनी तिच्यावर हात ठेवला.

"तिघंही हुंगा," ते म्हणाले आणि खुर्ची गल्ल्याच्या आणखी जवळ ओढून घेतली. "एकेक करून. आणि दलालशेठ, आधी तुम्ही. खरं सांगा, कसला वास येतोय?"